एकाच नावाची पुस्तकं आणि न सापडलेला लेखक

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना एक वाक्य आपल्या हातून अगदी सहज लिहिलं जातं : 'अमुक गोष्ट आता सर्वमान्य आहे.' पुढे कंसात पाच रेफरन्स. कंस भरलेला दिसला की वाचणाराही पुढे सरकतो आणि लिहिणाराही. त्या पाचांपैकी किती जणांनी मूळ पुरावा स्वतः पाहिला आणि किती जणांनी एकमेकांचं बघून लिहिलं, हे सहसा कोणी विचारत नाही. आज त्या कंसाबद्दल बोलू.

उदाहरण मुद्दाम सायन्सच्या बाहेरचं घेतेय. आपल्या विषयातलं उदाहरण घेतलं की अर्धे वाचक तांत्रिक तपशिलात अडकतात आणि उरलेले 'हा माझा टॉपिक नाही' म्हणून निघून जातात. हे उदाहरण चीनमधल्या चारशे वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीचं आहे. त्यातला महत्त्वाचा पुरावा एका पोस्टमध्ये मावतो, लॅब लागत नाही, आणि प्रत्येक पायरी तुम्ही स्वतः तपासू शकता.

कादंबरी आणि कव्हरवरचं नाव

इंग्रजीत 'जर्नी टू द वेस्ट' म्हणून ओळखली जाणारी ही कादंबरी चिनीत 'शीयौ ची' आहे. सरळ अर्थ, 'पश्चिमेच्या प्रवासाची नोंद'. शंभर प्रकरणं. एक बौद्ध भिक्खू धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघतो आणि त्याच्या रक्षणाला सुन वूखोंग नावाचा अचाट ताकदीचा, तितकाच उर्मट वानर असतो. सोबत एक खादाड डुक्करमुखी शिष्य, आणखी एक शिष्य आणि एक पांढरा घोडा. चीनच्या चार महान अभिजात कादंबऱ्यांमध्ये ही गणली जाते.

त्यातला भिक्खू आपल्या ओळखीचा आहे. शाळेच्या इतिहासातला युआन श्वांग, म्हणजेच ह्युएन त्संग, तो हाच. सातव्या शतकात तो खरोखर भारतात आला, नालंदात शिकला आणि इ. स. ६४१ च्या आसपास आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. पुलकेशीच्या राज्यातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्याचं वर्णन आपल्याकडे अजून सांगितलं जातं. ६४५ मध्ये तो चीनला परतला आणि पुढच्याच वर्षी त्याचं प्रवासवर्णन तयार झालं. ते वेगळं पुस्तक. आपण बोलतोय ती कादंबरी त्यानंतर साडेनऊशे वर्षांनी छापली गेली.

आज तिची बहुतेक कुठलीही आवृत्ती उघडा, कव्हरवर लेखकाचं नाव असतं वू छंग-अन. सोळाव्या शतकातला, च्यांगसू प्रांतातल्या ह्वाइ-आन गावचा माणूस. सरकारी परीक्षांमध्ये वारंवार नापास झालेला, उतारवयात लहानशी नोकरी मिळालेला, उत्तम कविता लिहिणारा. आर्थर वेली यांनी १९४२ मध्ये 'मंकी' नावाने इंग्रजीत संक्षिप्त अनुवाद केला, त्यावरही हेच नाव आहे. म्हणजे सर्वमान्य. आता कंस उघडून बघू.

पुरावा नेमका किती?

आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण आवृत्ती १५९२ ची, नानचिंग शहरातल्या शी-द-थांग या छापखान्याची. वू छंग-अन १५८२ च्या सुमारास वारला होता. या आवृत्तीवर लेखकाचं नाव नाही. तिला छन युआनची नावाच्या माणसाची प्रस्तावना आहे आणि तो म्हणतो की पुस्तक कोणी लिहिलं ते माहीत नाही; कोणी म्हणतात एखाद्या राजपुत्राच्या दरबारातून आलं, कोणी म्हणतात त्या दरबारातल्या आश्रितांचं, कोणी म्हणतात खुद्द राजपुत्राचं. पुस्तक बाजारात येतंय तेव्हाच लेखकाबद्दल फक्त अफवा आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवा.

वूच्या मृत्यूनंतर त्याच्या कविता आणि लेख गोळा करून संग्रह काढला गेला. तो काढणारे आणि त्याला प्रस्तावना लिहिणारे त्याच्या परिचयाचे. त्यात या कादंबरीचा उल्लेख नाही.

मग नाव आलं कुठून? १६२० च्या दशकात ह्वाइ-आन जिल्ह्याचा एक गॅझेटियर तयार झाला. आपल्याकडच्या जिल्हा गॅझेटियरसारखाच प्रकार : भूगोल, कर, मंदिरं, नामवंत माणसं आणि त्यांची पुस्तकं. त्यात वू छंग-अन या नावाखाली त्याच्या पुस्तकांची छोटी यादी आहे आणि त्या यादीत एक नाव आहे, 'शीयौ ची'.

बस. पुढे काही नाही. किती प्रकरणं, कादंबरी की आणखी काही, कुठे छापली, एक अक्षर नाही. सगळा दावा प्रामुख्याने या एका नोंदीवर उभा आहे.

आता कोणी म्हणेल, अहो, नाव जुळतंय ना, आणखी काय पाहिजे? इथेच खरी अडचण आहे. 'पश्चिमेच्या प्रवासाची नोंद' हे नाव 'माझा उत्तरेचा प्रवास' इतकंच साधं आहे. पश्चिमेला जाऊन आलेला कोणताही शिकलेला माणूस या नावाचं प्रवासवर्णन लिहू शकतो. शिवाय त्या काळी बोलभाषेतल्या कादंबऱ्यांना प्रतिष्ठा नव्हती आणि गॅझेटियरच्या यादीत सहसा त्यांना जागा मिळत नसे. सतराव्या शतकात ह्वांग यूची या ग्रंथसंग्राहकाने पुस्तकांची मोठी सूची केली. तिच्यात वू छंग-अनची 'शीयौ ची' आहे, पण भूगोलाच्या विभागात. अर्थात ह्वांगने पुस्तक न बघता नुसत्या नावावरून विभाग ठरवला असण्याचीही शक्यता आहे. म्हणून या नोंदीने दावा खोटा ठरत नाही, पण 'नाव जुळलं म्हणजे पुस्तक जुळलं' हे गृहीतक मात्र हलतं.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. 'हेप-टू' नावाची सेल लाईन घशाच्या कॅन्सरची म्हणून अनेक वर्षं वापरली गेली. प्रत्यक्षात त्या पेशी 'हेला'च्या निघाल्या. ट्यूबवरचं लेबल आणि ट्यूबमधला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाच प्रकार आधी एकदा घडला होता

या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट अशी की वूच्या आधी कव्हरवर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं आणि तेही अगदी याच पद्धतीने आलं होतं.

तेराव्या शतकात छियू छूची नावाचा एक ताओपंथी गुरू होता. चंगीझ खानाने बोलावलं म्हणून तो म्हातारपणी पार हिंदुकुशापर्यंत प्रवास करून गेला. १२२२ मध्ये त्यांची भेट झाली. बरोबर असलेल्या ली चिछांग या शिष्याने त्या प्रवासाचं वर्णन लिहिलं. त्याचं नाव? गुरूच्या नावापुढे 'शीयौ ची'. पुढे १६६३ च्या सुमारास कादंबरीची एक नवी आवृत्ती निघाली. तिच्यात एका जुन्या विद्वानाच्या नावाने प्रस्तावना जोडली होती आणि तिने कादंबरी छियू छूचीच्या नावावर टाकली. त्यानंतर छिंग राजवटीत निघालेल्या कितीतरी आवृत्त्यांनी तेच नाव उचललं. ताओपंथी भाष्यकारांनी कादंबरीतल्या वानरात आणि घोड्यात योगसाधनेचे अर्थ शोधले, कारण लेखक त्यांचा गुरू होता ना!

हा दावा कसा पडला ते बघण्यासारखं आहे. एक तर अठराव्या शतकात छियन दाशिन या अभ्यासकाने ताओ ग्रंथसंग्रहात पडलेलं मूळ प्रवासवर्णन वाचलं आणि सांगितलं की हे पुस्तक वेगळं आहे, कादंबरीशी याचा संबंध नाही. दुसरं, कादंबरीत मिंग राजवटीतल्या खात्यांची आणि पदांची नावं येतात. त्यातलं बादशाही रक्षकदल १३८२ मध्ये स्थापन झालं. छियू छूची १२२७ मध्ये वारला. विषय संपला. एक निरीक्षण, आणि हायपोथेसिस मोडीत.

आता दोन्ही दावे शेजारी ठेवून बघा. 'छियूच्या नावाशी एक शीयौ ची जोडलेली आहे, म्हणून कादंबरी छियूची.' 'वूच्या नावाशी एक शीयौ ची जोडलेली आहे, म्हणून कादंबरी वूची.' तर्काचा सांगाडा तोच. पहिला दावा टाकून देताना तर्क टाकला गेला नाही, फक्त माणूस बदलला. फरक एवढाच की वूचा काळ जुळतो, म्हणून त्याला खोडून काढणारं निरीक्षण मिळालेलं नाही. पण खोडता न येणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. हे वाक्य आपण व्हायवात फाडफाड म्हणतो आणि थीसिसमध्ये विसरतो.

रेफरन्स अनेक, साक्षीदार एक

अठराव्या शतकात ह्वाइ-आनच्याच वू यूचिन या अभ्यासकाने जुना गॅझेटियर उघडला, ती नोंद पाहिली आणि लिहिलं की कादंबरी आपल्या गावच्या माणसाची. वर एक आधार जोडला : कादंबरीत ह्वाइ-आनच्या बोलीतले शब्द आहेत. त्याच गावच्या आणखी लोकांनी हेच लिहिलं. विसाव्या शतकात लू शुन यांनी चिनी कथात्म साहित्याच्या इतिहासासाठी ही सगळी टिपणं जमवली. हू शी यांनी १९२१ मध्ये कादंबरीला प्रस्तावना लिहिली तेव्हा लेखक अज्ञात असल्याचंच म्हटलं होतं. मग लू शुन यांनी आपली टिपणं त्यांना दिली आणि १९२३ मध्ये हू शी यांनीही वूचं नाव मान्य केलं. दोघेही त्या पिढीतले सर्वांत वजनदार आवाज. त्यानंतर पाठ्यपुस्तकं, ज्ञानकोश, अनुवाद, आणि ह्वाइ-आनमध्ये वूचं स्मारकघर.

साखळी उलटी फिरवा. अनुवाद हू शींवर, हू शी लू शुनवर, लू शुन ह्वाइ-आनच्या अभ्यासकांवर, आणि ते गॅझेटियरवर. दहा रेफरन्स, साक्षीदार एकच. आणि मधले साक्षीदार त्याच गावचे, ज्यांना आपल्या गावाचं नाव मोठं झालेलं हवंच असणार.

बोलीचा मुद्दा स्वतंत्र पुरावा ठरू शकला असता. पण १९८३ मध्ये चांग फेइहंग यांनी दाखवलं की कादंबरीत यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या वू बोलीचेही भरपूर शब्द आहेत. आपल्याला मालवणी शब्द दिसले म्हणून लेखक मालवणी ठरवला आणि मग त्याच पानावर वऱ्हाडी शब्द दिसले, तर काय म्हणाल? अनेक हातांतून गेलेल्या पुस्तकात असंच होणार. ग्लेन डडब्रिज यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात वूचं नाव सिद्ध मानायला नकार दिला होताच. पूर्ण इंग्रजी अनुवाद करणारे अँथनी यू यांचा कल वूकडे आहे, पण त्यांच्या अनुवादाच्या कव्हरवर मूळ लेखक म्हणून कोणाचंच नाव नाही. मला ही भूमिका सगळ्यात प्रामाणिक वाटते.

दोन्ही बाजूंना बसणारा पुरावा

वूच्या बाजूचंही नीट ऐकलं पाहिजे, नाहीतर हे क्रिटिक नाही, वकिली होईल. वूने अद्भुत कथांचा एक संग्रह लिहिला होता. संग्रह हरवला, पण त्याची प्रस्तावना शिल्लक आहे. तिच्यात तो सांगतो की लहानपणी आपण बाजारातून अशी पुस्तकं गुपचूप आणायचो आणि वडील-मास्तर रागावतील म्हणून लपून वाचायचो. त्याच्या कवितेतही दैत्य-देवांची युद्धं येतात. स्वभाव जुळतो, हे मान्य. पण ही आवड असलेला त्या काळातला तो एकटाच नव्हता.

१९७० च्या दशकात ह्वाइ-आनजवळ त्याच्या शवपेटीची फळी सापडली. तिच्यावर चिंग राजपुत्राच्या दरबारातलं त्याचं पद कोरलेलं आहे. वूचे समर्थक आनंदले : १५९२ ची प्रस्तावना राजपुत्राच्या दरबाराबद्दलच बोलत होती की! मुद्दा खरोखर चांगला आहे. पण चिंग राजपुत्राची जहागीर कुठे होती? आजच्या हूपेइ प्रांतात, म्हणजे ह्वाइ-आनहून यांगत्सेच्या वरच्या अंगाला, पश्चिमेला. वू तिकडे गेला असेल, तर त्याने 'पश्चिमेच्या प्रवासाची नोंद' नावाचं साधं प्रवासवर्णन लिहिणं एकदम शक्य होतं. एकच फळी दोन्ही हायपोथेसिसना बसते. आणि जो पुरावा दोन्ही हायपोथेसिसना जवळपास सारखाच बसतो, तो तराजू फारसा हलवत नाही. स्वतःचा डेटा बघताना हा प्रश्न रोज विचारा : हा रिझल्ट माझ्या हायपोथेसिसशी जुळतो, ठीक, पण समोरच्या हायपोथेसिसशी जुळत नाही का?

'मग कॉम्प्युटर लावा, शैली मोजा,' असं सायन्सवाले म्हणणारच. शब्दांची वारंवारता मोजून लेखक ओळखायचे प्रयोग चिनी कादंबऱ्यांवर झालेत. 'लाल महालातलं स्वप्न' या कादंबरीची पहिली ऐंशी आणि शेवटची चाळीस प्रकरणं वेगळ्या हातची आहेत का, हे तसं तपासता येतं, कारण दोन्ही भाग एकाच प्रकारच्या भाषेत आहेत. इथे तुलनेला काय आहे? वूच्या नावावर खात्रीने असलेलं लेखन म्हणजे अभिजात चिनीतल्या कविता आणि औपचारिक गद्य; कादंबरीचं कथन बोलभाषेत. फरक सापडला तरी तो लेखकाचा की लेखनप्रकाराचा, हे सांगता येणार नाही. कंट्रोल नसेल तर मशीन कितीही भारी असो, उपयोग नाही.

लेखक बाजूला ठेवला की काय दिसतं

'मग कोणी लिहिलं?' हा प्रश्न थोडा वेळ सोडला की एक जास्त चांगला प्रश्न दिसतो : ही गोष्ट कशी वाढली?

तेराव्या शतकाच्या आसपासचं एक लहान छापील पुस्तक जपानमधल्या कोझान-जी मंदिराच्या संग्रहात जपलं गेलं. त्यात युआन श्वांगला पांढऱ्या कपड्यातला एक विद्यार्थी भेटतो आणि तो वानर निघतो. सुन वूखोंगचा हा पूर्वज. १४०८ मध्ये पूर्ण झालेल्या मिंग दरबाराच्या प्रचंड ज्ञानकोशात नदीच्या नागराजाचं डोकं स्वप्नात उडवल्याचा प्रसंग आहे आणि तो घेतलाय 'शीयौ ची' नावाच्या पुस्तकातून. वूचा जन्म साधारण १५०० चा. त्याच्या जन्माआधी नव्वद वर्षं याच नावाचं, याच गोष्टीचं पुस्तक होतं! कोरियात चिनी भाषा शिकवायला वापरलं जाणारं, मूळ चौदाव्या शतकातलं एक पाठ्यपुस्तक आहे. त्यात दोघे जण पुस्तक विकत आणायच्या गप्पा मारताना याच कथेतला जादूच्या सामन्याचा प्रसंग सांगतात. शिवाय मिंग काळाच्या सुरुवातीचं चोवीस अंकांचं नाटक, नाव पुन्हा तेच.

म्हणजे १५९२ च्या पुस्तकामागे निदान तीनशे वर्षांचे कथेकरी, नाटकवाले आणि छापखानेवाले आहेत. शेवटी कुणीतरी एका अफलातून लेखणीने ते बांधलं, यात शंका नाही; शंभर प्रकरणांत जो विनोद टिकलाय तो समितीने लिहिलेला वाटत नाही. पण एक नाव छापलं की ही बाकीची गर्दी दिसेनाशी होते. माझा खरा आक्षेप इथे आहे.

आपल्याकडे यातला एकच भाग फॉरवर्ड होतो : 'चीनचा मंकी किंग म्हणजे आपला हनुमान!' हा दावाही हू शी यांनी १९२३ मध्ये मांडला होता. लू शुन यांना मात्र ह्वाइ नदीतल्या, साखळदंडाने बांधलेल्या एका वानररूपी जलदैत्याची चिनी कथा जवळची वाटली. तिसऱ्या शतकात चिनीत आलेल्या एका बौद्ध कथासंग्रहात रामकथेशी मिळतीजुळती गोष्ट आहे आणि तिच्यात वानर आहेत, त्यामुळे धागा अशक्य नाही. पण साम्य दाखवणं सोपं असतं, वाट दाखवणं अवघड. कोणत्या ग्रंथातून, कोणत्या शतकात, कोणाच्या तोंडून, हे सांगता येईपर्यंत 'शक्य आहे' एवढंच म्हणायचं. अभिमान हा रेफरन्स नाही.

तर कव्हरवर काय छापायचं?

माझं मत विचाराल तर : 'लेखक अज्ञात, वू छंग-अन यांच्या नावावर परंपरेने सांगितली जाते.' वू सर्वांत संभाव्य उमेदवार असेलही. पण 'संभाव्य' आणि 'सिद्ध' यांच्यामधलं अंतर पुनरुक्तीने भरून काढता येत नाही.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात खात्रीचं वाटणारं एक वाक्य निवडा. त्याच्यापुढचे रेफरन्स उघडा, ते कोणाला साइट करतात ते बघा, मग त्यांच्या मागे जा. एका पानावर बाणांनी साखळी काढा. सगळे बाण एकाच पेपरवर जाऊन थांबले, तर तो पेपर पूर्ण वाचा, विशेषतः मेथड्स. तिथे भक्कम प्रयोग असेल तर निर्धास्तपणे लिहा. नुसती एक ओळ असेल, तर 'सर्वमान्य आहे'च्या जागी 'असं मानलं जातं' लिहा आणि त्या ओळीचा पत्ता द्या. कमिटीत कोणी विचारलं तर हे पान दाखवा. ते दाखवता येणं हे पाच रेफरन्सपेक्षा जास्त वजनदार असतं.